मागे स्कूटर, पुढे उतार

व्हर्ना हॅस्केलइतकी भित्री बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. आणि मी काही थोड्या बायका पाहिलेल्या नाहीत. सगळी उमेदीची वर्षं बायकांचे केस कापण्यात गेली माझी, आणि कात्री कानाजवळ आली की कोण किती पाण्यात आहे ते कळतंच. व्हर्ना विंचवाला घाबरायची, गॅसच्या वासाला घाबरायची, विजेच्या कडकडाटाला घाबरायची आणि दिवे गेले की अंधाराला घाबरायची. वाळवंटात संध्याकाळी कोल्हेकुई सुरू झाली की ही खिडक्या लावून घ्यायची, जणू कोल्हे शिडी घेऊन येणार होते. तळावर आम्ही सगळे तिला चिडवायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसे तिच्यामागे चार-पाच तरी होते.

आमचा तळ म्हणजे चाकांवरच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा गोतावळा. उन्हाळा फ्लॅगस्टाफच्या डोंगरावर, पाइनच्या सावलीत. थंडी पडली की खाली क्वार्टसाइटच्या वाळवंटात. व्हर्ना आणि तिचा नवरा लॉइड नेब्रास्काचे. लॉइडने जन्मभर मक्याच्या कोठारांची यंत्रं दुरुस्त केली, व्हर्नाने शाळेत पोरांना जेवण वाढलं, आणि म्हातारपणी घर विकून दोघांनी एक पिकअप आणि त्याच्यामागे ओढायचं एक ट्रेलरघर घेतलं. मी आपली माझ्या छोट्या व्हॅनमध्ये एकटी. माझं नाव फर्न. पण ही गोष्ट माझी नाही.

स्कूटर खरं म्हणजे लॉइडने स्वतःसाठी घेतली होती. पिवळी, मोडीत काढण्याच्या वयाची. तिसऱ्याच दिवशी तो तिच्यावरून आपटला, गुडघा सोलून घेतला आणि म्हणाला, "हे वाहन नाही, गाढव आहे. आणि गाढवही खोडसाळ." ती तशीच उन्हात पडून राहिली. एका दुपारी व्हर्ना तिला सावलीत सरकवायला म्हणून बसली ती तासभर आलीच नाही. लॉइडच्या तोंडचं पाणी पळालं. मग बाईसाहेब आल्या, दोन पायांच्या मधे एक भलंमोठं खरबूज घेऊन.

"कुठे गेली होतीस?" लॉइड म्हणाला.

"खरबूज आणायला."

"गावात? एकटी? भीती नाही वाटली?"

व्हर्ना खरंच विचारात पडली. मग म्हणाली, "अरे, आठवणच झाली नाही."

तिथून ती स्कूटर तिची झाली. पिकअप म्हणजे हत्ती, तो बाजारात न्यायची तिची छाती होत नसे. पण स्कूटरवर बसली की हीच बाई ट्रकच्या शेजारून शिट्टी वाजवत जायची. तळावरच्या निम्म्या लोकांची औषधं, अंडी, टपाल तीच आणायची. आम्ही विचारायचो, "अगं, घरात पाल दिसली तर किंचाळतेस, आणि यावर कशी बसतेस?" ती म्हणायची, "यावर माझं मीच असते. घाबरवायला शेजारी कोणी नसतं." लॉइड हसायचा. तोही तेव्हा ते थट्टेवारीच नेत असे.

कारण त्या दोघांच्या प्रवासाची तऱ्हाच तशी होती. लॉइड गाडी चालवायचा आणि व्हर्ना शेजारी बसून ओरडायची. "ट्रक आला! वळण आहे! हळू! अरे हळू!" लॉइड नुसतं "हं" म्हणायचा. गाड्यागाड्यांत ठेवलेल्या वॉकी-टॉकीवर आम्हाला ते सगळं ऐकू यायचं. वर्षानुवर्षं तिचं ओरडणं आणि त्याचं "हं". आम्ही म्हणायचो, लॉइडच्या जागी दुसरा असता तर एक तर बायको सोडली असती किंवा रस्ता.

मग लॉइडचे डोळे गेले. एकदम नाही, मधोमध डाग पडत गेला. समोरचं माणूस दिसेना, पण त्याच्या कानाशेजारचं झाड दिसे. त्याचं लायसन्स गेलं. ओमाहाची लेक जॅनिस हिने घराच्या तळघरात पलंग, न्हाणीघर, सगळं करून ठेवलं. ती वाईट मुलगी नाही. पण तिने फोनवर साफ सांगितलं, "आई चालवणार असेल तर चालवू दे. पण एकदा जरी काही झालं ना, तर मी येऊन दोघांना घेऊन जाणार. मग ते ट्रेलरघर पण विकायचं आणि ती स्कूटर पण." लॉइडला त्या तळघराचं नाव काढलं तरी जेवण जायचं नाही. म्हणायचा, जिवंतपणी जमिनीखाली कशाला जाऊ?

म्हणून व्हर्ना गाडी शिकली. जत्रेच्या रिकाम्या मैदानात, रोज रडत. पिकअपमागे ते घर ओढत तिने गोल गोल फेऱ्या घातल्या आणि प्रत्येक फेरीला "मला नाही जमणार" म्हणाली. पण जमलं. दीड वर्ष ती चालवत होती, जीव मुठीत धरून.

आता स्कूटर न्यायची कशी, हे सांगायला हवं. पिकअपच्या पाठीवर जनित्र, गॅसच्या टाक्या, लाकडं, खुर्च्या, सगळा संसार. तिथे जागाच नव्हती. म्हणून स्कूटर घराच्या अगदी शेपटाला, लोखंडी कॅरियरवर बांधलेली. आमच्यातले जाणते म्हणायचे, मागे एवढं वजन टांगू नये. बैलगाडी मागे कलून उलार झाली की जू वर उचलतं, तसं ट्रेलरचं नाक हलकं होतं, आणि हलक्या नाकाचा ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. एकदा का हलायला लागला की ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन उलटतो. लॉइडला हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याने जड सामान सगळं पुढे हलवलं होतं, आणि पाण्याची टाकी घराच्या मागच्या भागात म्हणून ती प्रवासात कायम रिकामी. खालच्या गावात पेट्रोल पंपामागे नळ होता, तिथे थांबून पाणी भरायचं आणि मग वाळवंटात जायचं. शेकोटीभोवती बसलं की तो नव्या लोकांना शिकवायचा, "शेपूट हललं की पाय विसर, दांडी सरकव." म्हणजे पायाने ब्रेक दाबायचा नाही, नाहीतर मागचं घर पुढच्या गाडीवर चढतं. स्टिअरिंगजवळ छोटी दांडी असते, ती हाताने सरकवली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, आणि गाडी सरळ ओढली जाते.

डोळे गेले तरी घर जोडायचं काम लॉइडने सोडलं नव्हतं. हाताने चाचपून तो साखळ्या लावायचा, खिळी घालायचा, पट्टे आवळायचा. आमच्यात एक रीत आहे: जोडणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. बोलण्यात लक्ष गेलं की एखादी खीळ राहते. आणि दुसरी रीत अशी की एकाने जोडायचं आणि दुसऱ्याने भोवती फिरून तपासायचं. ही दुसरी व्हर्नाने सोडली होती. एकदा तपासताना तिला एक खीळ अर्धवट सापडली होती, तिने ती गपचूप ढकलली, पण टक् असा आवाज झाला आणि लॉइडला तो ऐकू आला.  त्या दिवशी तो जेवलाच नाही. तेव्हापासून ती मागचे दिवे बघायची आणि म्हणायची, "ठीक आहे सगळं." एवढ्या भित्र्या बाईला रस्त्यापेक्षा त्याचा चेहरा पडण्याची जास्त भीती वाटायची.

त्या ऑक्टोबरात आम्ही निघालो. पुढे ती दोघं, मागे मी. डोंगरावरून खाली जायचा रस्ता म्हणजे मैलोन् मैल सरळ उतार. वळणं असती तर बरं, माणूस आपोआप हळू जातो. सरळ उतारावर गाडी आपणहून पळायला लागते. जागोजागी पाट्या: उतार तीव्र आहे, ब्रेक तपासा. आणि ज्यांचे ब्रेक गेले त्या ट्रकांसाठी बाजूला खडीची वाट, सरळ टेकडीत घुसणारी. 

वॉकी-टॉकी लॉइडच्या हातात असायचा. "डोळे गेले तरी तोंड शाबूत आहे," म्हणायचा. उताराला लागताना तोच बोलला.

"फर्न, आहेस ना मागे?"

"आहे. तुझ्या बायकोला सांग, छान चालवतेय."

"नको, नको," लॉइडच्या शेजारून व्हर्नाचा आवाज आला. "मला काही सांगू नका. मला नुसतं चालवू द्या. देवा, तो ट्रक बघ. लॉइड, मागून ट्रक येतोय."

"हं," लॉइड म्हणाला.

ट्रक माझ्या बाजूने गेला तेव्हा माझी व्हॅन आधी त्याच्याकडे ओढली गेली आणि मग दूर ढकलली गेली. मोठा ट्रक गेला की असं होतंच. तो पुढे त्यांच्याजवळ पोचला. मी पाहत होते. ट्रेलर उजवीकडे झुकला. ठीक, मी म्हटलं, आता सरळ होईल. तो डावीकडे झुकला. मग पुन्हा उजवीकडे, आधीपेक्षा जास्त.

 ती पिवळी स्कूटर माझ्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या या पट्ट्यातून त्या पट्ट्यात जात होती. तिचा आरसा उन्हात चमकत होता, कधी या बाजूला, कधी त्या. प्रत्येक झोल आधीच्यापेक्षा मोठा. दरीकडच्या बाजूला पत्र्याचा कठडा होता, कंबरेएवढासुद्धा नाही.

वॉकी-टॉकी खरखरला. मी उचलला आणि ओरडले, "पाय उचल! दांडी! व्हर्ना, दांडी!" पण माझा आवाज जातच नव्हता. पलीकडे लॉइडने बटण दाबून धरलं होतं. एकाने दाबलं की दुसऱ्याचं ऐकू जात नाही. मला त्यांच्या गाडीतलं सगळं ऐकू येत होतं आणि त्यांना माझं काहीच नाही.

"लॉइड! काय होतंय? लॉइड, हे काय होतंय?"

उत्तर नाही. नुसता श्वास, जोरजोरात, जवळून.

"लॉइड, ब्रेक दाबू? सांग ना! ब्रेक दाबू का?"

"नको!" मी व्हॅनमध्ये एकटी किंचाळत होते. "नको गं बाई, नको दाबूस!"  मागच्या गाड्यांचे भोंगे. कॅरियरचं टोक रस्त्याला घासलं आणि ठिणग्या उडाल्या. आता उलटणार, मी म्हटलं. आता माझ्या डोळ्यांदेखत ही दोघं मरणार आणि त्यांचा मरतानाचा आवाज मला ऐकावा लागणार. मला तो वॉकी-टॉकी फेकून द्यावासा वाटला. फेकला नाही, पण वाटलं.

"लॉइड, बोल ना रे!" व्हर्ना रडत होती. "मला काही सुचत नाहीये. तू बोल!"

श्वास. मग त्या श्वासातून एक बारीक, घुसमटलेला आवाज आला, लॉइडचाच, पण मी तो कधी ऐकला नव्हता. शब्द नव्हता तो. लहान मूल झोपेत दचकल्यावर काढतं तसं काहीतरी.

आणि मग व्हर्ना गप्प झाली. जन्मात पहिल्यांदा गाडीत गप्प झाली असेल. पुढच्या क्षणी तिचा आवाज आला, पातळ, पाढे म्हणावेत तसा.

"पाय विसर. पाय विसर. दांडी सरकव."

ट्रेलरच्या चाकांमधून धूर निघाला. शेपूट एकदा जोरात झटकलं गेलं, मग कमी, मग आणखी कमी. "पाय विसर, पाय विसर," ती म्हणतच होती. घर सरळ झालं, हळू झालं, आणि कडेच्या रुंद जागेत जाऊन थांबलं. मी मागे व्हॅन थांबवून त्यांच्याकडे धावले.

व्हर्ना स्टिअरिंग धरून समोर बघत होती. दार उघडलं तरी तिने मान वळवली नाही. दुसऱ्या बाजूला गेले तर लॉइड तसाच बसलेला, दातखीळ बसल्यासारखा, आणि मुठीत वॉकी-टॉकी. अंगठा बटणावर रुतलेला. मी एकेक बोट सोडवलं तेव्हा कुठे तो निघाला. 

"उतरा दोघं," मी म्हटलं. "उतरा आधी."

कठड्याला टेकून आम्ही उभे राहिलो. ट्रक जवळून गेला की पायाखालची जमीन हलायची आणि तिघंही दचकायचो. मी ट्रेलरच्या मागे गेले. स्कूटर जागेवर होती, पट्टे घट्ट होते. मग असं झालं का? मी मागच्या बाजूला हाताने थोपटलं. भरलेल्या माठासारखा आवाज आला.

"व्हर्ना, टाकीत पाणी आहे?"

"छे, रिकामी असते की."

"भरलीय," लॉइड म्हणाला. हा त्याचा पहिला शब्द. "मी भरली. सकाळी."

व्हर्ना त्याच्याकडे वळली. "का?"

तो तिच्या दिशेने बघत होता, म्हणजे तिच्या खांद्याच्या दिशेने. "खाली पंपामागे नळाजवळ तुला घर मागे घ्यावं लागतं. चिंचोळी जागा आहे. गेल्या वेळी तू तिथे रडलीस. म्हटलं, वरूनच भरून घेऊ, म्हणजे तुला तो त्रास नको. स्कूटर मागे आहे हे... ध्यानातच राहिलं नाही. नाक वर आलेलं मला दिसलं नाही, व्हर्ना."

मला वाटलं, आता ती याला सोलून काढेल. निदान मी तरी काढलं असतं.  पण ती खाली वाकली, टाकीची तोटी शोधली आणि उघडली. पाणी भळाभळा वाहायला लागलं. वाळवंटात राहणाऱ्या माणसांना पाणी सांडताना बघवत नाही, पण आम्ही तिघं बघत उभे राहिलो. ते रस्त्याच्या कडेने उताराकडे धावत गेलं आणि कठड्याखालून दरीत पडलं.

"जॅनिसला फोन कर," लॉइड म्हणाला. "पुरे झालं. तिला सांग, ये म्हणून."

"इथे?"

"मी त्या गाडीत पुन्हा बसणार नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला भीती वाटते," लॉइड म्हणाला. साधंच म्हणाला, पाणी मागावं तसं. "मी चालत उतरेन. पण त्यात बसणार नाही."

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. त्या माणसाच्या तोंडून हा शब्द आम्हा दोघींपैकी कोणी ऐकला नव्हता. ती मला म्हणाली, "फर्न, तू नेशील का गं घर खाली?"

"मी? बाई, मी कधी हातगाडी ओढली नाही. माझ्या हातात दिलंस तर कठड्यापलीकडेच नेईन."

तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.  "फोन खाली गेल्यावर," ती म्हणाली. "ती आली तरी घर इथून खाली कोणीतरी न्यायलाच हवं ना? तू फर्नच्या गाडीत बस. मी नेते."

"एकटी?"

"मग काय, स्कूटरवर मला कोण सोबत असतं?" ती म्हणाली. ती चढली, दार लावलं आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. मला वाटलं, उतरेल. मग धोक्याचे दिवे लुकलुकायला लागले.

लॉइड माझ्या शेजारी बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. वॉकी-टॉकी मी माझ्याकडे ठेवला. पुढे व्हर्ना बैलगाडीच्या चालीने निघाली. मागून ट्रक भोंगे वाजवत होते, वाजवेनात का.

"स्कूटर हलतेय का?" लॉइड म्हणाला.

"नाही."

थोडं पुढे गेलो. "आता?"

"नाही रे बाबा."

"खरं सांग हं, फर्न."

"खरं सांगतेय. आरसा जागच्या जागी आहे."

मग दरीतून आडवा वारा आला. माझी व्हॅन हलली. पुढची स्कूटर डावीकडे गेली आणि परत आली. 

"हलली ना?"

"नाही."

"तुझा आवाज बदलला."

"बदलेल नाहीतर काय, घसा सुकलाय. सगळं पाणी तुझ्या बायकोने डोंगराला पाजलं." स्कूटर सरळ राहिली. मी श्वास सोडला, तो त्याला ऐकू आला असणार.

 मग तो बोलायला लागला, समोर बघत, म्हणजे काहीच न बघता. "मला नेहमीच वाटायची. आजची नाही ही भीती. पहिल्यांदा घर जोडून उतार उतरलो ना, तेव्हापासून. त्याच्याही आधी, कोठारांच्या शिड्यांवर. प्रत्येक उताराला माझ्या पोटात ढवळायचं. पण शेजारी ती ओरडायची. ट्रक आला, वळण आलं. ते सगळं माझ्याच पोटातलं असायचं, फर्न. ती ओरडली की मला मोकळं वाटायचं. एका गाडीत दोघं ओरडली तर स्टिअरिंग कोण धरणार?"

"आणि तू म्हणायचास, हं."

"'हं'च्या पुढे तोंडच उघडायचं नाही. उघडलं असतं तर मीही ओरडलो असतो." तो थांबला. "आज ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, बोल. आणि आतून काही आलंच नाही. स्कूटर हलतेय का?"

"नाही," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

उतार संपला. तसं कळत नाही कधी संपला, नुसता गाडीचा आवाज बदलतो. व्हर्ना पंपाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत शिरली आणि चार गाड्यांच्या जागेवर आडवं घर लावून थांबली. मी व्हॅन शेजारी उभी केली. ती उतरली ती सरळ चालत आली नाही, गाडीला हात लावत लावत आली. माझ्या व्हॅनचं दार तिने उघडलं.

"पोचलो," ती म्हणाली.

"व्हर्ना," लॉइड म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. मला आधीपासून वाटायची. भीती. दर वेळी. मी चालवत होतो तेव्हापण."

मी गाडीतून उतरायला हवं होतं, पण बसून राहिले. व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हिचं मन आता विरघळणार. पण तिचा चेहरा लाल झाला, आणि तो रागाने झाला होता.

"इतकी वर्षं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तू घाबरत होतास आणि मला सांगितलं नाहीस? मला वाटायचं माझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे. सगळा तळ मला हसायचा. तूही हसायचास! मी एकटी घाबरत होते रे. एकटी! सांगितलं असतंस तर निदान सोबत तरी झाली असती."

 मला तोंड वर करायला जागा नव्हती, हसणाऱ्यांत मीही होतेच. तिने नाक ओढलं आणि बाहीने डोळे पुसले.

"आणि जोड उद्यापासून मी तपासणार," ती म्हणाली. "टाकी पण. तुझं तोंड पडलं तर पडू दे."

"तपास," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "जॅनिसला फोन?"

"करू की. पोचलो म्हणून सांगू."

"घडलं ते नाही सांगायचं?"

"सांगायचं. सगळं सांगायचं. ओरडली तर ओरडू दे, आपल्याला सवय आहे. पण ये म्हणून सांगायचं नाही."

तो आपल्या गुडघ्यांवरच्या हातांकडे मान घालून बसला होता. "उद्या मी बसेन तुझ्या शेजारी," तो म्हणाला. "पण आधीच सांगतो, मी गप्प बसणार नाही. ट्रक आला की ओरडणार. वारा आला की ओरडणार. थांब म्हणणार."

"ओरड," व्हर्ना म्हणाली आणि त्याला उतरायला हात दिला. "मी ओरडले तेव्हा तू कुठे थांबलास?"